पद्मिनीच्या पुढच्या आर्मचे बुश: रबर घेऊ की पीयू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, बाबांनी नवी घेतलेली, अजून कोल्हापुरातच आहे आणि रोजच्या चालण्यातली आहे, कव्हर टाकून ठेवलेली नाही. रविवारी पन्हाळा किंवा ज्योतिबा होतो आणि पाऊस संपला की गगनबावड्यावरून खाली कोकणात. इंजिन गियरबॉक्स छान आहे, रेडिएटर नवा आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको, प्रश्न फक्त सस्पेन्शनचा आहे, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या आर्मच्या सांध्यातल्या बुशचा (आतली नळी, बाहेरची नळी आणि मधे रबर).

लक्षणं सांगतो. छोट्या खड्ड्यातून हळू जाताना पुढून डावीकडून ठक ठक आवाज येतो, वेगात कमी होतो. ब्रेक जोरात मारला की गाडी डावीकडे ओढते (ब्रेक उघडून बघितले, दोन्ही बाजू सारख्या आहेत, सिलेंडर गळत नाही). पुढच्या डाव्या टायरची आतली कड जास्त झिजलीय. अलाइनमेंटवाल्याने सरळ सांगितलं की आधी बुश बदला, मग या, ढिल्या आर्मवर मी काय सेट करू, आणि मला ते पटलं.

आधी किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) वाटलं म्हणून चाक जॅकवर उचलून वर आणि खाली असं धरून हलवलं, हलत होतं. मग भावाला ब्रेक दाबून धरायला सांगितला तरी हलतच होतं, म्हणजे व्हील बेअरिंग नाही. टॉर्च घेऊन खाली बघितलं तर किंगपिनपाशी हालचाल जवळपास नाही, वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला रबराचा भुगा बाहेर आलाय आणि नळी एका बाजूला बसलीय, खालच्या आर्मचंही रबर फुगून मऊ पडलंय, बोट लावलं तर काळं होतं. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या दांड्याचे) बुश तर नावालाच आहेत. मागच्या कमानपाट्यांचे बुश सध्या बरे आहेत पण एकदा काम काढलं की तेही करावेत असं मनात आहे.

आता खरा घोळ. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचा कुठलाही पार्ट कुठेही मिळायचा, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि त्याआधीपासूनच दुकानदार माल ठेवायचे बंद झाले होते. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन तर वीसेक वर्षं होऊन गेली. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला विचारून झालं, तर समोर चार पर्याय आलेत आणि चारही लोक आपलंच बरोबर म्हणतायत:

१) जुना कंपनी माल, डब्यात पॅक. डबा बघून जीव भुलतो, पण रबर वीस-पंचवीस वर्षं जुनं आहे, नख रुतत नाही आणि वाकवलं की कडेला बारीक रेषा दिसतात.
२) आत्ताचा लोकल माल. एकदम स्वस्त. बाहेरची नळी पातळ आहे आणि दोन वेगवेगळ्या दुकानांतले बुश व्हर्नियरने मोजले तर माप एक येत नाही.
३) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखंच पण कडक प्लास्टिक. एक जण बनवून देतो म्हणतोय, ९० शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडक. ऑइलने खराब होत नाही, आयुष्यभर बघायला नको असं त्याचं म्हणणं.
४) उद्यमनगरातला लेथवाला म्हणतो नायलॉनचे टर्न करून देतो, संध्याकाळी या.

चौथा मी मनातून काढलाय. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे, आणि चाळीस वर्षांच्या पत्र्यावर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट द्यायची माझी तयारी नाही, जिथे आर्म बसतो तिथेच तडे जातील. पण पीयूचं मला कळत नाहीये. रेसवाले वापरतात ते ठीक, माझी गाडी नऊशे किलोच्या आसपास, वेग साठ-सत्तर, आईला मागे बसून कंबर दुखायला नको हे पहिलं.

शिवाय, आपली पद्मिनी मुळात इटलीच्या फियाट ११०० डी ची, तर युरोपात त्या गाडीचे जे नवीन बुश मिळतात ते कुणी आपल्या गाडीला बसवलेत का? माप जसंच्या तसं जुळतं का इकडे बदल झाला होता? पासिंग जवळ आलंय पण घाईत चुकीचा माल टाकायचा नाही. ज्यांनी स्वतः काम केलंय किंवा समोर उभं राहून करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

भाऊ, परळला माझं गॅरेज होतं, पद्मिनी टॅक्सीच जास्त यायच्या, म्हणून लिहितो. तुमची तपासणी बरोबर आहे, आर्मचेच बुश गेलेत.

रबर घ्या. कारण असं की या बुशमध्ये आतली नळी बोल्टने घट्ट आवळलेली असते, ती फिरत नाही, आर्म वरखाली होतो तेव्हा मधलं रबरच पिळलं जातं आणि परत येतं. त्यात घासणारं काहीच नाही म्हणून ग्रीस लागत नाही. पीयू तसं पिळत नाही, नळीवर फिरतं, म्हणजे त्याला सिलिकॉन ग्रीस लागणार, त्यात कोकणातली लाल माती आणि पावसाचं पाणी गेलं की करकर सुरू. साधं रबर ५५ ते ६५ शोअर असतं, तुमचा माणूस ९० सांगतोय, हा फरक कंबरेला कळतो. स्टॅबिलायझर बारला पीयू टाकायचं असेल तर टाका, तिथे चालतं.

जुना डबा अजिबात घेऊ नका. रबर वापरलं नाही तरी हवेने कडक होतं, ओझोनने चिरतं.

लोकल माल घेताना एक परीक्षा करा. बुशची बाहेरची नळी व्हाईसमध्ये हलकी धरा, आतल्या नळीत घट्ट बसेल असा रॉड घालून थोडं पिळा आणि सोडा. नळी जागेवर परत आली पाहिजे. पिळून तशीच राहिली तर आत रबर घसरतंय, तो बुश पहिल्याच पावसात जाणार. रबर चिकटवलेलं असो की दाबून बसवलेलं, घसरता कामा नये.

आणि तुमचं खालचं रबर फुगलंय ना, ते ऑइलने. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगवाले खालून ऑइल किंवा डिझेलचा स्प्रे मारतात, पत्र्याला बरं असतं पण नैसर्गिक रबराचं ते वाटोळं करतं. यापुढे मारून घेताना बुश प्लास्टिकने झाका. बसवतानाही ग्रीस नको, साबणाचं पाणी घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नव्वद टक्के मेकॅनिक करत नाहीत. गाडी जॅकवर असताना आर्मचे बोल्ट फक्त हाताला लागतील एवढेच आवळायचे. मग चाकं लावून गाडी जमिनीवर, पुढे मागे ढकलायची, बॉनेट दोनचारदा दाबायचं, आणि गाडी स्वतःच्या वजनावर बसली की फायनल टाईट. हवेत टाईट केलं तर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि नवा बुश वर्षाच्या आत फाटतो, मग लोक मालाला शिव्या देतात. आर्म सोडताना कॉइल स्प्रिंग कंप्रेसरने दाबून धरा, तिच्यात जीव जाईल एवढी ताकद असते.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार, पिळून बघायची परीक्षा आजच केली. लोकल मालातला एक बुश सरळ घसरला, दुसऱ्या दुकानातला नीट परत आला पण त्याचं बाहेरचं माप आर्मच्या भोकाला सैल पडतंय, हाताने दाबून आत जातोय, म्हणजे तोही बाद.

त्यामुळे आता असं ठरवतोय की शिरोली एमआयडीसीत एक रबर मोल्डिंगवाले आहेत, त्यांच्याकडून ६० शोअरचे करून घ्यायचे. ते म्हणाले नळ्या तुम्ही नीट मापाच्या आणा, ब्लास्टिंग करून (मारा करून नळ्या साफ करून) बाँडिंग म्हणजे रबर चिकटवायचं काम आम्ही करतो, पण डायचा (साच्याचा) खर्च आहे म्हणून निदान पाच-सहा गाड्यांचे सेट एकदम लागतील. स्टॅबिलायझरला पीयू, बाकी सगळं रबर, हे पक्कं.

दोन गोष्टी हव्यात. एक, माझ्या वरच्या आर्मचं भोक आधीच्या कुणीतरी हातोड्याने बुश काढून थोडं लंबगोल केलंय, तर कुणाकडे न ठोकलेला आर्म असेल तर आतला व्यास मोजून सांगा, व्हर्नियरने दोन दिशांना, टेपने नको. दोन, सेट कुणाकुणाला हवेत ते गाडीच्या सालासकट इथेच लिहा, माप जुळल्याशिवाय मी कुणाकडूनही पैसे घेणार नाही.