चर्चा: वॉरंटी संपलेली गाडी घेण्यात चूक काय?

गंगाखेडकर

मेव्हण्यासाठी गाडी बघणं चालू आहे. तो जिंतूर तालुक्यात शेती करतो. आई-वडील थकलेत, परभणीला दवाखान्याच्या फेऱ्या सुरूच असतात. पाहण्यात आलेली गाडी २०१८ ची आहे. १.३ लिटर डिझेल, ८८ हजार किलोमीटर, एमएच-२२ पासिंग, एकहाती वापरलेली. मालक परभणीतलेच निवृत्त शिक्षक. सांगितलेली किंमत पाच लाख. घरात मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं: वॉरंटी संपलीय, नको.

मला हे पटत नाही. आणि हे फक्त आमच्या घरात नाही, आपल्या भागात जो तो हेच बोलतो, म्हणून इथे मांडतोय. वॉरंटीत येतं काय, तर कंपनीच्या बनावटीतला दोष. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर हे झिजणारे भाग तिच्यात धरत नाहीत. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर वॉरंटी नाही. डिझेलमध्ये पाणी निघालं तरी नाही. सोयाबीनची पोती रचलेल्या शेडमध्ये जो गाडी लावणार त्याला उंदरांचा धोका सगळ्यात मोठा, आणि त्यात नवी गाडी घेऊनही सुटका नाही. बनावटीतला खोट बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडतो. ही गाडी तो काळ कधीच ओलांडून आलीय.

शिवाय हे इंजिन मूळचं फियाटचं. आपल्याकडे मारुतीने वापरलं, टाटाने वापरलं. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. पार्ट सहज मिळतात आणि ते खोलून बांधणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही आहेत. एप्रिल २०२० च्या आधीची म्हणजे बीएस-४, धुराच्या जुन्या निकषातली, त्यामुळे डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भानगड नाही. नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तो फिल्टर असतो, आणि गाव ते मोंढा अशा छोट्या फेऱ्यांत तो चोंदतो, कारण साफ व्हायला त्याला लांबचा, वेगाचा रस्ता लागतो. इंजिन ओळखीचं, मालक ओळखीचा, मिस्त्री ओळखीचा असेल तर वॉरंटी संपली म्हणून गाडी सोडू नये, हे माझं ठाम मत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणं द्यावीत.

वाळूज_शिफ्ट

कारण देतो, पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. म्हणजे चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या. नव्या गाड्यांचे भाव उतरले, पण जुन्या विकणारे अजून आधीच्याच भावात बोलतात. तुमच्या सरांचे पाच लाख त्याच हिशोबातले वाटतात.

आता कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त, मुदत कमी. चार लाख १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता साधारण ९,१०० रुपये. नव्या गाडीसाठी सात लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले तर ११,२५० च्या आसपास. महिन्याला दोन-सव्वादोन हजारांचा फरक. तेवढ्यासाठी माणसाने दुसऱ्याची झिजलेली गाडी का घ्यावी? जुन्या गाडीचा एकदा टर्बो किंवा इंजेक्टर गेला की तो फरक एका दणक्यात भरून निघतो. वाळूजला आमच्या लाइनवर किती जणांनी पंपाशेजारच्या डीलरकडून ‘मेंटेन’ गाड्या घेतल्या आणि पुढचं वर्ष गॅरेजात काढलं, ते मी बघितलंय.

गंगाखेडकर

तुमचे आकडे बरोबर आहेत, पण निम्मेच मांडलेत. सात लाखांच्या कर्जावर सात वर्षांत परतफेड जवळपास साडेनऊ लाखांची होते. अडीच लाख निव्वळ व्याज. आणि हप्ता महिन्याचा असतो, शेतकऱ्याचा पैसा महिन्याचा नसतो. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि आडतीवर हातात काय पडलं हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. मेव्हणा रोख घेतोय. ज्या घरात पगाराची तारीख नाही त्या घरात ८४ हप्त्यांची नवी गाडी ही जुन्या गाडीपेक्षा मोठी जोखीम आहे. टर्बोसाठी आपण साठ-सत्तर हजार बाजूला ठेवू शकतो. बुडालेल्या खरिपासाठी बँक थांबत नाही.

पाना_दहाबारा

मी जालन्यात गॅरेज चालवतो. दादा, तुम्ही म्हणायलेत ते इंजिनाबद्दल खरं हाय. पण ‘ओळखीचा मालक’ यावर मी गाडी घेऊ देणार नाही. माणूस देवमाणूस असू शकतो, आणि त्याच माणसाने सात वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलेलं असू शकतं. आपल्याकडं हे घरोघरी चालतं. कूलंटला पैसे कशाला, पाणी टाका. आपल्या बोअरचं पाणी जड. आतून क्षार धरतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात, मे महिन्यात एसी लावून गाडी चढाला लागली की तापमानाचा काटा वर. मग इंजिनातलं हेड गॅस्केट जातं.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की चालू करू नका. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर बरं. तांबूस गढूळ पाणी दिसलं, झाकणाच्या रबराला पांढरी पपडी दिसली, तर समजून जा. मग गाडी चालू करा, आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. चांगल्या इंजिनात ते थोडं थरथरतं, बसून राहतं. उड्या मारायला लागलं, तोंडातून भकाभका धूर यायला लागला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मीटर ८८ हजार म्हणत असलं तरी. मीटर मागं करणारे आपल्या भागात कमी नाहीत. क्लच पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची कड मात्र खोटं बोलत नाही.

टायर बघा. बाजूला चार आकडी नंबर असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून सहा-सात वर्षांचे टायर घेऊन समृद्धीवर १२० ने जाऊ नका, हात जोडून सांगायलो. उन्हाळ्यात तिथल्या काँक्रीटवर जुना टायर टिकत नाही.

योगेश्वरी_आंबाजोगाई

सगळी चर्चा इंजिनाची आणि पैशाची चाललीय, गाडीत बसणाऱ्या माणसाची नाही. मी नोकरीसाठी आंबाजोगाई-लातूर एकटी ये-जा करते, बऱ्याचदा रात्री. मागच्या पावसाळ्यात माझी जुनी गाडी रात्री आडरानात बंद पडली. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. दिवे मंद होत होत गेले, फोनला रेंज येत-जात होती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी थांबून मदत केली. भले माणूस होते. पण त्या रात्री मी ठरवलं की पुन्हा जुनी गाडी नको.

तुमच्या मेव्हण्याच्या गाडीत आजारी आई-वडील बसणार आहेत. जिंतूर-परभणी रस्त्यावर रात्री वडिलांना धाप लागलेली असताना गाडी बंद पडली तर ओळखीचा मिस्त्री काय करणार? नव्या गाडीबरोबर वॉरंटी येते, रस्त्यावरची मदत येते, दोन एअरबॅग असतात, आता बऱ्याच गाड्यांत सहा. याची किंमत व्याजात मोजायची नसते.

मांजरथडी

ताई, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. पण त्यावर उपाय नवी गाडीच आहे असं मला वाटत नाही. रस्त्यावरची मदत विम्यात जोडून घेता येते, सात-आठ वर्षांच्या गाडीलाही. वर्षाला काही शेकड्यांत काम होतं. आणि अल्टरनेटर सहसा असा अचानक जात नाही, बॅटरीचा लाल दिवा आधी लुकलुकतो, बेल्ट आधी ओरडतो. घेतल्या-घेतल्या बॅटरी, बेल्ट, होजपाइप, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं बदलून टाकायचं, जुन्या मालकाने कालच बदललं म्हटलं तरी. आमच्या घरी लातूरला आम्ही जुन्या गाड्याच वापरत आलो, आणि पहिला खर्च हाच करतो.

गंगाखेडकर यांना एक जोड देतो. गाडी डिझेल बघताय हे बरं. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, धरून बनवलेल्या नाहीत आणि आता पंपावर सगळीकडे तेच पेट्रोल. ॲव्हरेज घटतं, जुन्या रबरी नळ्यांची काळजी राहते. त्यात परभणीला पेट्रोल राज्यात बहुतेक वेळा महागच.

पण दिल्लीची गाडी कुणी स्वस्तात दाखवली तर तिकडे फिरकू नका. तिकडे डिझेलला दहा वर्षांची अट आली म्हणून त्या गाड्या इकडे येतात. दिसायला चकचकीत असतात, मग एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा धरल्या की स्वस्ताई उरत नाही.

योगेश्वरी_आंबाजोगाई

टो-व्हॅन आंबाजोगाईहून निघून आडरानात पोचेपर्यंत दीड-दोन तास जातात, मांजरथडी दादा. पॉलिसीत मदत लिहिलेली असणं आणि ती रात्री अकराला येणं यात फरक आहे. लाल दिव्याचं म्हणाल, तर तो लागला तेव्हा मी गावाच्या पुढे निघून आले होते. बेल्ट-बॅटरी बदलायचा सल्ला चांगला आहे, पण तो पाळणारी घरं किती? गाडी आली की पेढे वाटतात, कूलंटला पैसे नसतात. पानावाले दादा वर तेच सांगतायत.

धाराशिव_वकील

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहिलीय, ती म्हणजे पाणी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, सगळीकडे नद्या गावात शिरल्या. सीनाकाठी आमच्याकडे माणसं पत्र्यावर बसून राहिली, जनावरं वाहून गेली. गाड्याही बुडाल्या. त्या गाड्या कुठे गेल्या? धुऊन, वाळवून, सीटकव्हर बदलून बाजारात आल्यात आणि अजून येतील. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ धुऊनही जात नाही. सीट पुढे सरकवून रुळाचे बोल्ट बघा, स्टेपनीखालचा खड्डा बोटाने चाचपा, गाळ लागतो. बुडालेल्या गाडीचं वायरिंग वर्षभराने सडतं, आणि ते कुठला मिस्त्री पुरता दुरुस्त करू शकत नाही.

कागदाचं म्हणाल तर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून विमा, बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं आधी बघा. बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी, ती नवी सुरक्षित नंबरची पाटी, बसवलेली असली पाहिजे, नाहीतर आरटीओत काम अडतं. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. सरांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळालेली सूट, तुमच्या मेव्हण्याला मिळत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो, तेव्हा फरकाचा हप्ता भरावा लागेल.

आणि हे सरांनाही सांगा: नुसती नोटरी करून गाडी देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. आमच्याकडे गाड्या चार-चार हात फिरतात आणि आरसीवर पहिल्याचंच नाव असतं. मग त्या म्हाताऱ्या माणसाला कोर्टाची नोटीस येते, ज्याने गाडी डोळ्यांनीही पाहिलेली नसते. अशी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा फार वाईट वाटतं.

वाळूज_शिफ्ट

म्हणजे बघा, जुनी गाडी घ्यायची तर माणसाला मिस्त्री, वकील आणि हिशेबनीस तिन्ही व्हावं लागतं. नवी घेणाऱ्याला यातलं काही लागत नाही. सगळ्यांकडे गंगाखेडकरांसारखा मेव्हणा नसतो. ऑटोमॅटिक असेल तर प्रश्नच संपला. तिचा गिअरबॉक्स गेला तर परभणीत हात लावणारा सापडत नाही, गाडी टो करून संभाजीनगरला आणा नाहीतर पुण्याला न्या.

पाना_दहाबारा

ऑटोमॅटिकचं शंभर टक्के खरं. वॉरंटी संपलेली ऑटोमॅटिक मीही कुणाला घेऊ देत नाही, गिऱ्हाइक तुटलं तरी चालेल. पण साध्या मॅन्युअल डिझेलला तोच नियम लावू नका. माझ्याकडं येणारी निम्मी माणसं नवी गाडी कधीच घेऊ शकणार नाहीत. त्यांना ‘नवीच घ्या’ म्हणणं म्हणजे ‘तुमच्या बापाला दुचाकीवर मधे बसवून दवाखान्यात न्या’ म्हणणं हाय. ते मी रोज बघतो.

योगेश्वरी_आंबाजोगाई

हे मान्य. दुचाकीपेक्षा कुठलीही चारचाकी बरी, यावर माझा वाद नाही. पण मग गंगाखेडकर, तुमच्या ‘वॉरंटी संपली म्हणून सोडू नये’ला अट लावा: बाजूला ठेवलेला पैसा खरोखर बँकेत वेगळा ठेवलेला असेल तरच. तो पैसा पाच लाखांतूनच निघाला पाहिजे, वरून नाही.

गंगाखेडकर

ही अट मी घेतो, आणि भावही तिच्यावरच बोललोय. सरांना चार लाख तीस हजार सांगितले, उरलेले सत्तर हजार दुरुस्तीचे. ते चार सत्तरवर अडलेत. इसार अजून दिलेला नाही. रविवारी सकाळी गाडी चालू न करता ठेवायला सांगितलंय, मिस्त्री बरोबर येतोय, मग लिफ्टवर चढवून खालून बघणार. झाकणाला पांढरी पपडी निघाली तर चार तीसलाही घेणार नाही. वाळूजवाले दादा, तरीसुद्धा नवी नाही. मग दुसरी जुनी शोधू.

वाळूज_शिफ्ट

शोधा. पण चार सत्तर देऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसची नोंद निघते, ती सरांनाच काढून आणायला सांगा. नाही म्हणाले तर तिथेच उठा.