सामाईक विश्व: कोणता शेवट खरा धरायचा?

उघाडी:
आम्ही चौघं राजापूर तालुक्यात दोन स्ट्रॅटेजी गेम लिहितोय. पहिला 'खाजण', म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली शेतजमीन. समुद्र चढलाय, सडे (कातळाची पठारं) बेटं झालेत, बांध राखत गावं जगवायची. एक भरती किंवा एक ओहोटी म्हणजे एक टर्न. दुसरा गेम चारशे वर्षांनंतरचा, त्याच लोकांच्या वंशजांची अंतराळातली जहाजं. विश्व एकच. पण 'खाजण' प्रत्येकाच्या हातून वेगळा संपणार. मग दुसऱ्या गेमने कोणता शेवट खरा धरायचा?

माझं मत, कोणताच धरू नये. विश्व सामाईक ठेवायचं ते वस्तूंनी आणि नियमांनी. पॅरिसच्या अँप्लिट्यूड स्टुडिओची एंडलेस मालिका बघा. 'एंडलेस स्पेस' 2012 चा, 'एंडलेस लेजंड' आणि 'डंजन ऑफ द एंडलेस' दोन्ही 2014 चे. तिन्हींत 'डस्ट' नावाची एकच धूळ आहे, 'एंडलेस' या लोपलेल्या प्राचीन जमातीने मागे ठेवलेली. साम्राज्याच्या खेळात ती पैसा आहे. डंजनमध्ये तीच खोल्यांना वीज पुरवते, ती संपली की खोली अंधारात जाते. तिसरा गेम उघडताना डस्ट म्हणजे काय ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे ती जागा उघाडीची आहे. बांधात बसवलेली झडप, वरून टांगलेली. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला बाहेर ढकलून वाट काढतं, भरती आली की समुद्रच तिला दाबून मिटवतो. माणूस लागत नाही. पण फटीत ओंडका अडकला तर एका रात्रीत खारं पाणी आत येतं आणि भाताचं खाचर बाधतं. दुसऱ्या गेममध्ये जहाजाचं दार याच तत्त्वावर चालतं. एवढा एक धागा मला पुरेसा वाटतो.

कातळावरची पोर:
नाही पटलं. झडप सारखी ठेवली म्हणजे विश्व एक होत नाही, ती सजावट झाली. मी तीस तास घालवून एक गाव वाचवलं आणि पुढच्या गेममध्ये त्या गावाचं नावही नसेल, तर माझ्या तीस तासांना किंमत काय?

'एक्सकॉम २'ने (2016) धीट निर्णय घेतला. 2012 च्या खेळात माणसं परग्रहवासीयांपुढे हरली असं धरून गोष्ट वीस वर्षांनी उचलली. मी तो आधीचा खेळ जिंकले होते. राग आला, पण त्या रागानेच दुसरा खेळ मन लावून खेळले. निवड करा आणि तिच्यावर ठाम राहा.

उघाडी:
ते जमलं कारण अंतर वीस वर्षांचं होतं आणि हरणं हाच पुढच्या कथेचा पाया होता. ठाम न राहिलेलं उदाहरणही आहे. 'रेड अलर्ट' (1996) हा 'कमांड अँड कॉन्कर' या युद्धखेळाचा पूर्वइतिहास म्हणून मांडला होता, सोव्हिएत मोहिमेत त्या खेळाचा खलनायक केन स्टॅलिनच्या गोटात दिसतो. 2000 च्या 'रेड अलर्ट २'मध्ये तो धागा सुटला आणि दोन्ही विश्वं वेगळ्या वाटांना लागली. एकेका गेमच्या निकालावर पुढचा गेम बांधत गेलं की हे होतं.

गडग्यापलीकडे:
मी मुळावरच येतो. सामाईक कशाला? आमच्याकडे सातबाऱ्यावर बारा नावं आहेत आणि कोसळलेला गडगा (दगडी कुंपण) गेली सहा वर्षं कोणी रचलेला नाही. बागेत गुरं शिरतात. सामाईक विश्वाचं तेच होईल. पहिल्या गेममधली प्रत्येक चूक दुसऱ्याच्या माथी, आणि तुम्ही माणसं चारच.

'होमवर्ल्ड: डेझर्ट्स ऑफ खराक' (2016) आधी वेगळ्या नावाचा स्वतंत्र गेम होता. मूळ 'होमवर्ल्ड' या अंतराळयुद्धाच्या गेमवर काम केलेली माणसंच तो करत होती. मागाहून तो होमवर्ल्डचा पूर्वइतिहास झाला. आधी एक नीट पुरा करा. नातं नंतर जोडता येतं.

रापणीचो दोर:
माका ह्यो वाद कळता, पण दशावतार बघितलेल्याक ह्यात नवा काय नाय. आमच्याकडे लिहिलेले संवाद नसतात, नट रंगमंचावर जागच्या जागी रचतात. एकच आख्यान दोन गावांत दोन तऱ्हेने रंगतं. पण असुर मरायचा हे ठरलेलं, आणि पहाटे दहीकाला व्हायचा हेही ठरलेलं. शेवट पक्का असतो म्हणून नटाला मधे हवं तितकं लांब जाता येतं. तुम्ही शेवट मोकळा सोडताय आणि झडप पक्की करताय. उलटं करा.

उघाडी:
यावर काल रात्रभर विचार केला. 'एंडलेस लेजंड'मध्ये हेच आहे, मी ते एवढं मोजलं नव्हतं. ऑरिगा ग्रहावर कोणीही जिंको, हिवाळे लांबत जातात. ग्रह मरणार हे पक्कं, कोण कसं तगलं ते खेळाडूचं. मग आमच्यात हे पक्कं करतो: शेवटच्या उधाणाला समुद्र प्रत्येक बांधावरून येणार. कोणती गावं तोवर माणसं आणि बियाणं हलवू शकली, ते मोकळं. आणि @कातळावरची पोर, वाचवलेल्या गावाचं नाव पुढच्या गेममधल्या जहाजाला खेळाडूने स्वतः द्यायचं. तुमच्या तीस तासांसाठी एवढं करता येईल.

कातळावरची पोर:
जहाजाला गावाचं नाव, हे मान्य. पण तुमच्या आराखड्यात सड्यावरची कातळशिल्पं परग्रहवासीयांनी सोडलेला नकाशा आहेत. ते काढा. अशा प्रत्येक विश्वात एक लोपलेली प्राचीन जमात लागते हे मला कळतं. पण ही चित्रं माणसांनी जांभ्यात कोरलीत. कशेळीचा हत्ती मी पाहिलाय, त्याच्या पोटात मासे आणि इतर प्राणी कोरलेत. 2022 पासून ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून त्यांचं काम आकाशातून आलेल्यांच्या नावावर चढवायचं? दोन गेममध्ये तेच सांगितलंत तर पोरं तेच खरं धरतील.

उघाडी:
काढलं. लोपलेली जमात म्हणजे आपणच, चारशे वर्षांनंतरच्यांच्या नजरेतून. जहाजावरच्या लोकांना सड्यावरची चित्रं कोणी काढली ते कळत नाही, आणि उघाडी कोणी शोधली तेही नाही.

गडग्यापलीकडे:
हे चांगलं आहे. तरी माझं म्हणणं तेच. जहाजं राहू द्या. मे महिन्यात एक खाजण, एक उघाडी आणि दहा भरत्या खेळता येतील एवढं द्या. त्यात खारं पाणी शिरताना माझा हात थांबला, तर दुसऱ्या गेमचं बोलू.