तासाच्या रेटवरून हातात नक्की किती पडतात? आपापले अनुभव लिहा

सोनचाफा:
अमेरिकेत तासावर काम करणाऱ्या आपल्या लोकांना ऑफर आली की पहिला प्रश्न हाच पडतो आणि ऑफर लेटरमध्ये त्याचं उत्तर नसतं, म्हणून हा धागा. माझा हिशोब आधी देते. तासाला 25 डॉलर, वर्षाचे 2080 तास, म्हणजे 52,000. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) 6.2 आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्य विमा) 1.45 टक्के पहिल्या डॉलरपासून कापतात, झाले 3,978. फेडरल (केंद्राचा) टॅक्स मात्र स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी करमाफ रक्कम, वजा करून उरलेल्यावर लागतो, 2024 ला एकट्या माणसासाठी ते 14,600 होतं, उरले 37,400, त्यावर 10 आणि 12 टक्क्यांच्या स्लॅबने 4,256. हातात 43,766, दोन आठवड्यांचा चेक साधारण 1,683, तासाला 21 च्या आसपास. हे टेक्सासचं, इथे स्टेट टॅक्स नाही, आणि इन्शुरन्स अजून धरलेलाच नाही. तुमच्याकडे काय काय कापतात ते लिहा, आकडे नको असतील तर टक्के सांगा पण लिहा.

उंबर:
2080 कागदावर ठीक आहे. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, सुट्टी म्हणजे बिनपगारी, थँक्सगिव्हिंगला ऑफिस बंद तर माझा मीटरही बंद. 1900 तास धरा, त्याच रेटला 47,500 च होतात, टॅक्सच्या आधीच साडेचार हजार गेले. त्यामुळे रेट ठरवताना मी पहिलं विचारतो, पेड हॉलिडे किती?

खारूताई:
एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) वाल्या मुलांनो, कॅम्पस जॉबची पे स्टब (पगाराची पावती) उघडून बघा. पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीने आपण नॉनरेसिडेंट असतो आणि तोवर सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापायचंच नसतं. माझ्या स्टबवर दोन्ही ओळी होत्या, मी पेरोलला (पगार काढणाऱ्या विभागाला) मेल केला, व्हिसाचे कागद दिले, तेव्हा कुठे पैसे परत आले. पेरोलने दाद दिली नाही तर आयआरएसचा (फेडरल टॅक्स खात्याचा) परताव्यासाठीचा फॉर्म 843 आहे. आणि बाकीच्या बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, भारतातल्यांना मिळतं, भारत-अमेरिका करारातलं कलम 21(2). आठवड्याला 20 तासच काम करता येतं तिथे ही रक्कम फार मोठी असते हो, सोडू नका!

पाऊसवेडी:
ओव्हरटाइमबद्दल लिहिते. 40 तासांच्या वर दीडपट मिळतात पण चेक बघून वाटतं सगळं सरकारनेच नेलं, आमच्याकडे कितीतरी जणी म्हणूनच जास्तीची शिफ्ट नाकारतात आणि मला फार वाईट वाटतं. पेरोलचं सॉफ्टवेअर असं धरतं की वर्षभर तुम्ही एवढंच कमावणार, म्हणून त्या चेकमधून जास्त कापतं. खरा टॅक्स वर्षाच्या एकूण कमाईवर ठरतो, जास्तीचं कापलेलं रिटर्न भरल्यावर परत मिळतं. शिफ्ट करायची तर बिनधास्त करा.

भटक्या:
टेक्सासहून पेनसिल्व्हेनियाला आलो, रेट तोच. इथे सरसकट 3.07 टक्के, स्टेटचं स्टँडर्ड डिडक्शन नाही, शिवाय गावाचा वेगळा टॅक्स. सोनचाफाच्या आकड्यावर नुसता स्टेटचाच टॅक्स प्रत्येक चेकमागे 61 डॉलर जाईल. स्टेट बदलताना घरभाड्याइतकंच हेही बघा.

रानजाई:
ज्यांना 1099 वर (नोकरीऐवजी स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) काम देतायत त्यांनी 25 ला 25 समजू नका. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरमधला मालकाचा वाटाही आपणच भरायचा, 15.3 टक्के (निव्वळ कमाईच्या 92.35 टक्क्यांवर), वर इन्कम टॅक्स, आणि कापून घेणारं कुणी नाही. एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी, 15 तारखेच्या सुमाराला स्वतः भरायचं. मी पैसे आले की लगेच तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकते.

सोनचाफा:
रानजाई, हे नवीन लोकांना कुणी सांगतच नाही गं. दोघं नवराबायको कमावत असाल तर डब्ल्यू-फोरची (टॅक्स किती कापायचा हे मालकाला सांगणाऱ्या फॉर्मची) स्टेप 2 भरा, नाहीतर दोन्हीकडे पूर्ण डिडक्शन धरलं जातं आणि एप्रिलमध्ये भरावे लागतात. आणि चेक वर्षाला 26 येतात, 24 नाही. महिन्याचा खर्च दोनच चेकवर बसवा, तिसरा चेक येणारे दोन महिने कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा.