टन: वजन, गारवा की जागा?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका दुपारी 'टन' तीनदा कानावर आला. बोटीत पाच टन बर्फ भरला, बर्फाच्या कारखान्यातलं मशीन दहा टनांचं, आणि बोटीच्या कागदावर टनेज अमुक. हे तिन्ही टन एकच का?

– नाहीत. भरला तो वजनाचा, हजार किलोंचा टन. अर्थात लाद्या मोजून घेतात आणि टेम्पोतून जेटीपर्यंत त्यातलं थोडं पाणी होऊनच येतं, तो भाग वेगळा.

मशीनचा टन म्हणजे उष्णता ओढून घेण्याचा वेग. शून्य अंशावरच्या २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो पाण्याचा २४ तासांत बर्फ करायचा तर जितकी उष्णता काढावी लागते, तो एक टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक), साधारण साडेतीन किलोवॉट. (विजेचं बिल एवढं येत नाही हो. एक टनाचा एसी वीज खातो ती किलोवॉटच्या आसपास.) आमच्याकडे एसी बसवायला आलेल्या पोराला आत्याने विचारलं, "दीड टन ही भिंत पेलेल काय रे? जुना चिरा आहे." पोरगा हसला. आत्याचं काय चुकलं सांगा!

गंमत म्हणजे दहा टनांच्या मशीनमधून दिवसाला दहा टन बर्फ पडत नाही. आपल्याकडचं पाणी तीस अंशांचं. ते आधी शून्यावर आणायचं, मग गोठवायचं. हिशेब मांडला तर सगळं बिनचूक चालूनही साडेसहा टनांच्या फारसं वर जात नाही.

कागदावरचा टन ही जागा. शब्दाचं मूळ दारूच्या पिंपात: जहाजात अशी किती मावतात, यावर कर. पुढे १०० घनफूट म्हणजे एक रजिस्टर टन ठरला. मोठ्या जहाजांना १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारापासून सूत्राने येणारा नुसता आकडा असतो, एकक नाही.

– १०० घनफूट? म्हणजे वाळूचा एक ब्रासच की!

– अगदी. पण गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. मिस्त्रीने ब्रासचा दर सांगितला, मी वाळूसकट धरून चाललो आणि वाळूचं बिल निराळं आलं. हल्ली आधीच विचारतो, "ब्रास भिंतीचा की डंपरचा?"