साड्यांसोबत जाळी पण लावा
दादा, आंब्याची रोपं जंगली जनावरांपासून वाचवायला कुंपणाला जुन्या साड्या बांधा म्हणताय ते ठीकच, पण आमच्या यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी रोही, म्हणजे नीलगायी, थोड्याच दिवसात त्याला सरावतात. हिवाळ्यात डोंगरातलं गवत वाळलं की आंब्याची कोवळी फूट पहिली जाते. रोपाभोवती बांबू रोवून गोल जाळी लावा, पण खोडापासून दीड-दोन फूट लांब, नाहीतर तोंड घालून शेंडा खुडतातच, आणि उंची सहा फूट तरी हवीच. सांबर, चितळाचे नर शिंगं घासून साल सोलतात, साल चारी बाजूंनी गेली की झाड संपलं. खोडाला गोणपाट नका गुंडाळू, आत उधई (वाळवी) लागते. आणि हात जोडून सांगतो, कुंपणात लाईनचा करंट सोडू नका, रात्री पाणी भरायला गेलेला आपलाच माणूस जातो.