उंदराच्या गर्भाच्या मेंदूत टूज१ (न्यूरॉन दाखवणारी अँटिबॉडी) लावलं की रक्तवाहिन्याच चमकतायत, काय चुकतंय?

खारघर_लोकल:
मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष. १४.५ दिवसांचे गर्भ, कॉर्टेक्सचे (मेंदूचा बाहेरचा भाग) १४ मायक्रॉनचे क्रायोसेक्शन (गोठवून केलेले काप), पॅक्स६ (न्यूरॉन बनवणाऱ्या मूळ पेशी दाखवणारी अँटिबॉडी) सशातलं आणि टूज१ उंदरातलं, दोन्ही एकत्र रात्रभर ४ अंशाला. टूज१चा न्यूरॉनचा थर बाहेरच्या बाजूला दिसतो पण त्यावर सगळीकडे लाल रेघा नि ठिपके, आणि पॅक्स६ व्हेंट्रिकलच्या (मेंदूतली पोकळी) कडेला जेमतेम. सर म्हणतात सेकंडरी (या अँटिबॉडींना धरून चमकणारी दुसरी अँटिबॉडी) जुनी झाली, नवी मागव. त्यात रिट्रीव्हलसाठी (झाकलेल्या जागा अँटिबॉडीला मोकळ्या करायला) सायट्रेटमध्ये उकळलं की निम्मे सेक्शन सुटून तरंगतात. गर्भ शुक्रवारी पीएफएत (टिश्यू पक्कं करणारं रसायन) टाकले नि सोमवारी काढले, घरी गणपती होते, काय करणार.

मायक्रोटोम_ठाणे:
सेकंडरी बिचारी तिचं काम करतेय. उंदराच्या टिश्यूवर उंदराचीच अँटिबॉडी लावलीस, मग अँटी-माउस सेकंडरीला तुझी टूज१ कुठली नि टिश्यूतली मुळातली आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) कुठली हे कसं कळणार? गर्भात आईची आयजीजी पण उतरलेली असते. मोठा उंदीर परफ्यूज करून (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून) रक्त धुता येतं, गर्भ आपण नुसता बुडवतो म्हणजे रक्त तिथल्या तिथंच. फक्त एक, तांबड्या पेशी कसलीही अँटिबॉडी न लावता पण चमकतात, म्हणून आधी दोन सेक्शन कर, एक अगदी कोरा, एक फक्त सेकंडरीचा. कोऱ्यात सगळ्या चॅनलला चमकलं तर पेशी, नुसत्या अँटी-माउसवाल्यात चमकलं तर आयजीजी.

खारघर_लोकल:
केलं दादा. कोऱ्यात अगदी पुसट ठिपके, सेकंडरीवाल्यात त्याच रेघा. 😭

ऐरोली_कन्फोकल:
मग आयजीजीच. सीरम ब्लॉकनंतर (नको तिथं चिकटणं थांबवायला सीरम देतो ते) लेबल नसलेले अँटी-माउस फॅब (अँटिबॉडीचे एकाच हाताचे तुकडे) तासभर दे, नीट धू, मग प्रायमरी, म्हणजे तुझं टूज१-पॅक्स६. अख्खी अँटी-माउस अँटिबॉडी ब्लॉकला वापरू नकोस, तिचा एक हात मोकळा राहतो आणि तोच तुझी टूज१ धरून बसतो, मग होतं त्याहून वाईट. सशातलं टूज१ घ्यायचं म्हटलं तर पॅक्स६ आधीच सशातलं, तो रस्ता बंद. तुझ्या टूज१चा क्लोन आयजीजी२ए (आयजीजीचा एक उपप्रकार) असेल तर फक्त २ए ओळखणारी सेकंडरी घे, कचरा बराच कमी होतो.
सेक्शन सुटतात ते पावसाळ्यात आमच्याकडेही व्हायचं. उणे ८० मधून डबा काढून लगेच उघडलास की या हवेत स्लाइडला घाम फुटतो. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग स्लाइड ३७ अंशाला तासभर सुकव. चार्ज्ड स्लाइडच (सेक्शन घट्ट धरणाऱ्या) वापर. आणि सायट्रेट उकळू नको गं, बुडबुडे सेक्शन उचलतात, १० मिलिमोलर, पीएच ६, ९५ अंशाला १० मिनिटं, नि त्याच भांड्यात गार होऊ दे.

मायक्रोटोम_ठाणे:
मी तर पॅक्स६ला रिट्रीव्हल करतच नाही. या वयाच्या गर्भाला पीएफए ४ तास पुरतं, फार तर रात्रभर. तीन दिवस ठेवल्यावर एपिटोप (अँटिबॉडी धरते त्या जागा) झाकले जाणारच.

ऐरोली_कन्फोकल:
पण आहेत ते गोठवलेले टिश्यूचे ब्लॉक फेकणार का? त्यांना रिट्रीव्हल लागणारच.

खारघर_लोकल:
अपडेट. फॅब दिल्यावर रेघा जवळजवळ गेल्या, ९५ वर सेक्शन टिकले, दोनच सुटले. पॅक्स६ आता पट्टा म्हणता येईल इतपत दिसतंय. पुढच्या गर्भांना ४ तासच देणार. सरांना अजून सांगितलं नाहीये, सेकंडरीची ऑर्डर कालच गेली.