मदत हवी आहे: तलावातल्या रेनबो ट्राउटसाठी ल्यूर (नकली आमिष) कोणते घ्यावेत?

धोमकाठचा (वाई):

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात लेकीकडे न्यूझीलंडला चाललोय. ती हॅमिल्टनला असते. नाताळच्या सुट्टीत जावईबापूंनी टाउपो तलावाच्या काठी एक घर भाड्यानं घेतलंय. ६१६ चौरस किलोमीटरचा तलाव, ज्वालामुखीच्या खड्ड्यात साठलेला, काही ठिकाणी १८० मीटरच्या वर खोल. आणि त्यात रेनबो ट्राउट. नातू आत्तापासून फोनवर विचारतोय, "आजोबा, मासा धरायचा ना?" त्याला हो म्हणून बसलोय, तेव्हा तयारी नीट करायची आहे.

माझा सगळा अनुभव इकडचा. धोमच्या बॅकवॉटरला आणि उरमोडीला जातो. मरळीला रबरी बेडूक, चिलापीला गांडूळ, कटल्याला पिठाचा गोळा. मरळीचं गणित मला पाठ आहे. ती शेवाळाच्या कडेला उथळ पाण्यात दबा धरून बसते, बेडूक डोक्यावरनं गेला की भसकन उसळते. जागा कळली की निम्मं काम झालं. ट्राउट तसा नाही, असं वाचून समजतंय. तो तलावात फिरता असतो आणि थंड पाण्याच्या मागे जातो. १० ते १६ अंशांचं पाणी त्याला मानवतं, २० च्या वर गेलं की खाणं मंदावतं. म्हणजे आपल्यासारखं झुडूप बघून बसायची सोय नाही.

टाउपोत गांडूळ, पीठ असलं आमिष लावायला बंदी आहे. फ्लाय (पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा) नाहीतर ल्यूर, एवढंच चालतं. फ्लायचा रॉड हातात बसायला वेळ लागतो, म्हणून मी स्पिनिंग रॉडच नेणार. बोट नाही, काठावरूनच टाकायचं. आणि तिकडे ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे, बाजारात मिळतच नाही. खायचा असेल तर स्वतः धरायचा किंवा धरणाऱ्याच्या घरी जेवायला जायचं. हा नियम मला फार आवडला.

पुण्यात एका दुकानात जाऊन बघून आलो. चमचे (स्पून), फिरत्या पात्याचे स्पिनर, माशाच्या आकाराचे मिनो, सगळ्यांनी भिंत भरलेली. ढीगभर घ्यायचे नाहीत. थोडेच घ्यायचे, पण ते कसे वापरायचे हे पक्कं ठाऊक हवं. तर काठावरून टाकायला स्पून बरा की स्पिनर? वजन किती? आणि सगळ्यात मोठा घोळ रंगाचा. चंदेरी, सोनेरी, तांबडा ठिपका, हिरवा, काळा. कोणता आधी लावायचा? इथून घेऊन जावं की तिथेच घ्यावं?

जाणकारांनी कृपया सांगा.

रोटोरुआवासी:

काका, नमस्कार. मी मूळचा कराडचा, इकडे येऊन बरीच वर्षं झाली. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मासा ज्या खोलीवर आहे तिथं ल्यूर पोचला नाही तर कुठलाही रंग लावा, उपयोग शून्य.

तुम्ही येताय तो काळ चांगला आहे. स्मेल्ट नावाची बारकी चंदेरी मासळी उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळूच्या उथळ किनाऱ्याला थव्यानं येते आणि ट्राउट तिच्या मागे लागतो. ही मासळी टाउपोत मुळात नव्हती, ट्राउटला खाद्य म्हणून १९३० च्या दशकात आणून सोडली. ट्राउटही बाहेरचाच, रेनबोची अंडी न्यूझीलंडला १८८३ साली कॅलिफोर्नियाहून आली. तर पहाटे उजाडताना काठाशीच गुडघाभर पाण्यात पाठलाग चाललेला दिसेल. पाण्यावर बारकी मासळी टपटप उडते आणि मागे एक लाट सरकते. त्या वेळी बोटभर लांबीचा, चंदेरी, हलका स्पून किंवा छोटा मिनो. स्मेल्ट बोटाएवढीच असते, त्याहून मोठं काही लावू नका.

ऊन वर आलं, बोटी सुरू झाल्या की मासा खाली जातो. मग कडा शोधा. फिकट वाळू जिथं संपते आणि पाणी एकदम गडद निळं होतं, तिथं तळ खाली उतरलेला असतो. ल्यूर त्या रेषेच्या पलीकडे टाका आणि लगेच ओढू नका. मनात आकडे मोजत बुडू द्या. पहिल्यांदा पाचपर्यंत, मग दहा, मग पंधरा. ज्या आकड्याला झटका बसेल तो लक्षात ठेवा, पुढचे सगळे फेक त्याच आकड्याला. या कामाला स्पूनच हवा. तो जड, त्यामुळे लांब जातो आणि सरळ बुडतो. स्पिनर ओढत असतानाच काम करतो आणि ओढलं की वर येतो. तो उथळ पाण्यासाठी ठेवा.

वजन ७ ग्रॅम आणि १० ते १२ ग्रॅम, दोन्ही ठेवा. वारा समोरून असेल तर ७ ग्रॅमचा पायाशीच पडेल. इकडे टोबी आणि टास्मेनियन डेव्हिल हे दोन जुने भरवशाचे ल्यूर, कुठल्याही दुकानात मिळतात. लखलखीत ऊन आणि नितळ पाण्यात चंदेरी, ढगाळ हवेत सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाचा, अंधार पडताना काळा. काळा कशाला म्हणाल, तर मासा खालून वर बघतो, त्याला आभाळाच्या उजेडावर नुसता आकार दिसतो. लाल रंगासाठी जास्तीचे पैसे घालवू नका. पाण्यात खोल गेल्यावर लाल सगळ्यात आधी नाहीसा होतो.

मिरजेचा गळ:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात एकच भर घालतो. वाईकर काका, तुमच्या रीळवर मरळीचा जाड तंगूस (नायलॉनची दोरी) असणार, वीस पौंड ताण सोसणारा तरी. त्यावर ७ ग्रॅमचा स्पून उडतच नाही, जाड दोरी हवेतच त्याला मागे ओढते. सहा पौंडी, फार तर आठ पौंडी तंगूस भरा. ट्राउटचं तोंड मरळीसारखं दातेरी नाही, बारीक दोरी कापली जायची भीती नाही. फक्त मासा पळाला तर पळू द्यायचा, म्हणून ड्रॅग (रीळचा ब्रेक) ढिला ठेवा. मरळीला आपण जसं झाडीतून खेचून काढतो तसं इथं केलंत तर दोरी तुटेल नाहीतर ओठ फाटेल.

स्पिनर लावाल तेव्हा पुढे स्विव्हल (फिरती कडी) हवाच. पातं फिरतं तसा दोरीला पीळ बसतो आणि थोड्या वेळानं सगळा गुंता हातात येतो.

आणि जायच्या आधी धोमलाच सराव करा. स्पून काठाजवळच्या नितळ पाण्यात, डोळ्यासमोर ओढून बघा. सावकाश ओढला की तो डावी-उजवीकडे डुलतो, तीच खरी चाल. वेग वाढवला की डुलणं थांबतं आणि तो गोल फिरायला लागतो, तेव्हा समजायचं की जास्त झालं. मधेच एक क्षण थांबला की पान गळाल्यागत खाली येतो. बहुतेक वेळा मासा त्या थांब्यालाच घेतो.

कृष्णामाई:

धागा छान चाललाय. मासेमारीतलं मला कळत नाही, पण एक विचारते. महाबळेश्वर १३५० मीटरवर, थंडगार. मग वेण्णा तलावात ट्राउट का नाही सोडत? मुन्नारला आणि निलगिरीत आहे म्हणतात.

रोटोरुआवासी:

ताई, थंडीत जमेलही, पण एप्रिल-मेचं काय? वेण्णा तलाव उथळ, उन्हाळ्यात पाणी तापतं. २४-२५ अंशांच्या आसपास रेनबो ट्राउट जगणं मुश्कील. निलगिरीत नि मुन्नारला तो जास्त उंचीवर, वाहत्या थंड पाण्यात टिकला. शिवाय बाहेरचा शिकारी मासा आपल्या पाण्यात सोडूच नये. कृष्णेचं खोरं आधीच चिलापीनं भरलंय.

काका, दोन गोष्टी राहिल्या. टाउपोचं मासेमारी लायसन्स वेगळं असतं. न्यूझीलंडच्या बाकी भागाचं तिथं चालत नाही आणि तिथलं बाकी भागात. ऑनलाइन मिळतं, एका दिवसाचंही असतं, नातवासाठी मुलांचं बघा. काही नदीमुखांजवळ फक्त फ्लाय चालते, तेव्हा लायसन्सबरोबरचे नियम वाचूनच जागा ठरवा.

आणि वापरलेला रॉड, रीळ, बूट, जे काही आणाल ते घासूनपुसून खडखडीत वाळवून आणा आणि विमानतळावरच्या अर्जात "वापरलेलं मासेमारीचं सामान आहे" असं लिहा. नाही लिहिलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. हे उगाच नाही. दक्षिण बेटावरच्या नद्यांत २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ओल्या सामानावरून ते एका नदीतून दुसरीत जातं. त्यामुळे माझं ऐकाल तर धोमच्या चिखलात वापरलेलं काही आणूच नका, सराव तिकडे करा आणि ल्यूर इथे घ्या.

धोमकाठचा (वाई):

मंडळी, फार मोलाची माहिती मिळाली. रंगाचा घोळ मिटला आणि मरळीच्या सवयी घरी ठेवून जायच्या हेही कळलं.

ठरलं ते असं. सहा पौंडी तंगूस आणि एक ७ ग्रॅमचा स्पून पुण्याहून मागवतो, तो फक्त धोमला सरावापुरता. रॉड नवीनच तिकडे घेणार, जावईबापूंना तसं आजच कळवतो. तिथं दोन वजनांचे चंदेरी स्पून, एक सोनेरी, एक काळा, एक छोटा मिनो, बास.

मिरजकर, एक शंका. स्पूनला तीन टोकांचा गळ येतो. नातू सात वर्षांचा आहे, शेजारी उभा राहणार. तो काढून एका टोकाचा गळ, तोही टोकाजवळचा उलटा काटा चेपून, बसवला तर स्पूनची चाल बिघडते का?

मिरजेचा गळ:

नाही बिघडत. जुन्या गळाच्या वजनाच्या जवळपासचा घ्या, म्हणजे झालं. तीन टोकांचा बारीक असतो, एकटा लावाल तो एक-दोन नंबर मोठा लागेल. बसवल्यावर पाण्यात पायाशी ओढून बघा, डुलला की पास. काटा चेपलेला असेल तर दोरी कुठंच ढिली पडू देऊ नका, एवढं नातवाला आधी शिकवा. मासाही लवकर सुटतो, सोडायचा असेल तर त्याला इजा कमी.